वेळास: घरटी राखली, पुढे काय?

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं २००२ साली वेळासच्या किनाऱ्यावर गेली ती कासवांसाठी नव्हेच. ती समुद्री गरुडाची घरटी शोधत फिरत होती. उंच झाडांकडे माना वर करून चालताना वाळूत पांढरी, सुरकुतलेली टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा गावात कुणाला काही नवल वाटलं नाही. कासवं येतात, अंडी घालतात, माणसं उकरून नेतात, काही खातात, काही विकतात. उरलेली कुत्री-कोल्ही संपवतात. हे पूर्वापार चाललेलं होतं, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटत नव्हतं.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव सावित्रीच्या मुखापाशी आहे. शेजारी बाणकोटचा किल्ला, खाडीपलीकडे रायगड जिल्हा, हरिहरेश्वर. वेसवी-बागमांडला फेरीबोटीने गाडीसकट खाडी ओलांडून येणारे बरेच. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकात वेळासचा उल्लेख यायचा, एवढीच त्याची ओळख होती. आज कुणालाही वेळास म्हटलं की समोरून ‘कासवांचं ना?’ असाच प्रश्न येतो. वीसेक वर्षांत गावाची ओळख बदलणं ही काही लहान गोष्ट नाही. पण ती कशामुळे बदलली आणि त्यातून कासवांना नेमकं किती मिळालं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वेळासवर लिहिलेल्या बहुतेक मजकुरात पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवलेलं दिसतं.

कासव कोणतं आणि येतं कसं

कोकणात अंडी घालायला येणारं मुख्य कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, म्हणजे वाघाला जे कायद्याचं कवच तेच याला. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या किनाऱ्यावर या कासवांच्या माद्या एकाच वेळी हजारोंनी येतात. कोकणात तसं नाही. इथे एखादी मादी रात्री एकटीच वर येते, तासाभरात काम उरकते आणि निघून जाते. त्यामुळे इथे संरक्षण म्हणजे एका ठिकाणी पहारा बसवणं नव्हे. मैलोन्‌मैल किनाऱ्यावर रोज पहाटे एकेक घरटं हुडकणं.

ते कसं हुडकतात हे पाहण्यासारखं आहे. मादी वर येताना आणि परतताना वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग सोडते, पण दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांचे, म्हणजे वल्ह्यासारख्या चपट्या पायांचे, ठसे एकासमोर एक नसतात, आलटून-पालटून पडतात. दोन माग भरतीरेषेच्या वर एका जागी मिळतात आणि तिथली वाळू विस्कटलेली असते. अंडी घालून झाल्यावर मादी खड्डा बुजवते आणि अंग डावी-उजवीकडे हिंदकळवत पोटाने वाळू थापटते. इतकी सारवासारव करूनही सवय असलेल्या माणसाला नेमकी जागा कळते: काठी हलकेच टोचत गेलं की एका ठिकाणी ती सहज आत जाते. काठी थांबवायची ती तिथेच, कारण आणखी बोटभर खाली गेली तर अंडं फुटतं. ही काठीची कला गावात आधीपासूनच होती. अंडी चोरायलाही तीच लागत होती.

खाली दीड फुटाच्या आसपास खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा. वर निमुळता, खाली फुगलेला. त्यात टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, चामड्यासारख्या मऊ कवचाची शंभर-सव्वाशे अंडी.

काय केलं

संस्थेने विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने काम सुरू केलं तेव्हा हाताशी दोन मार्ग होते. वन खात्याला कळवायचं, कायदा दाखवायचा, चोरांना पकडायचं. किंवा घरटी कुणाला सापडतात ते शोधून त्या माणसांनाच कामाला लावायचं. दुसरा मार्ग घेतला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला खरा निर्णय हाच. अंडी नेणाऱ्याला किनारा जितका ठाऊक तितका कुठल्याही वनरक्षकाला नसतो. शिवाय त्याला गुन्हेगार ठरवलं असतं तर तो रात्री दोनला उठून गेला असता आणि पहाटे पाचला गेलेल्या कार्यकर्त्याला फक्त रिकामा खड्डा दिसला असता.

घरटं मिळालं की अंडी हॅचरीत हलवायची. हॅचरी म्हणजे भरतीच्या पाण्यापासून दूर, जाळीचं कुंपण घातलेला वाळूचा चौकोन. ऐकायला सोपं, पण यात घाई आणि सावकाशपणा दोन्ही लागतात. अंडं घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. म्हणून पहाटेच हलवायचं, आणि हलवताना अंडं फिरवायचं नाही. बादलीत त्याच घरट्यातली ओलसर वाळू, तिच्यावर अंडी, एकेक मोजून. हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, त्याच सुरईच्या आकाराचा खड्डा हाताने काढायचा. वर पाटी: घरट्याचा क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या. दिवस भरत आले की त्यावर टोपलं पालथं घालायचं. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून पाहायची.

पहिल्याच हंगामात, २००२-०३ मध्ये, ५० घरटी राखली गेली आणि २,७०० हून अधिक पिल्लं समुद्रात गेली. या आकड्याचा गवगवा झाला, होणारच. पण भागाकार करा: घरट्यामागे साधारण ५४ पिल्लं. म्हणजे घातलेल्या अंड्यांपैकी ढोबळमानाने निम्मीच उबली. नवख्या हातांचं काम होतं, अंडी हलवायला उशीर होत असणार, काही घरटी आधीच अर्धी उकरलेली मिळत असणार. हा दोष म्हणून सांगत नाही. त्याआधी त्याच घरट्यांतून किती पिल्लं समुद्रात जात होती? जवळपास एकही नाही. तरीही हॅचरीच्या कामाचा कस लागतो तो ‘किती घरटी’ यात नाही, ‘शंभरातली किती’ यात, आणि ती मोजदाद लोकांसमोर फार कमी येते.

पैसा कुठून कुठे वळला

राखणदाराला मानधन देणं हे संस्थेला एक-दोन हंगाम जमलं असतं. देणगीवर किती वर्षं रेटणार? म्हणून २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. लोकांनी यायचं, गावातच राहायचं, गावकऱ्यांच्या घरी जेवायचं, सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात जाताना पाहायची.

गावात हॉटेल नव्हतं, आणि तेच पथ्यावर पडलं. पाहुणे पडवीत, माजघरात, माळ्यावर झोपले. जेवण घरच्यासारखंच: भात, आमटी, सोलकढी, ताटात कधी उकडीचा मोदक. पैसे घरातल्या बाईच्या हातात यायला लागले. अंडी विकून मिळणारे पैसे एका माणसाचे आणि एकदाच मिळायचे. घरट्यातून पिल्लं येणार म्हटल्यावर दहा-वीस घरांची चूल हंगामभर चालायला लागली. साहजिकच, अंडी उकरणाऱ्यावर लक्ष ठेवायला वेगळा पहारेकरी लागेना. ज्या शेजारणीकडे शनिवारी पाहुणे उतरायचे आहेत तिचं लक्ष पुरेसं होतं.

आमच्याकडे देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असतं. त्याला पाय लागू नये म्हणून वळसा घालून जायचं, कपाळ टेकायचं, कूर्मावतार म्हणून फूल वाहायचं. किनाऱ्यावरचं कासव मात्र त्या हिशेबात कधी आलं नव्हतं. महोत्सवाच्या निमित्ताने ते आलं असं सांगणारे भेटतात. मला यात भक्तीपेक्षा पाहुण्यांचा वाटा मोठा वाटतो, आणि त्यात वाईट काही नाही.

वेळासचं पाहून आंजर्ले, हरिहरेश्वर, दिवेआगर, गुहागर अशी गावं पुढे आली. हळूहळू वन विभाग आणि राज्याचा कांदळवन कक्ष (तो २०१२ मध्ये स्थापन झाला) यांनी काम हाती घेतलं. आज रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत ‘कासवमित्र’ म्हणून पहाटे किनारा चालणारी माणसं आहेत.

महोत्सवाला पिल्लं आलीच नाहीत तर

मी गेलो होतो तो मार्चमधला एक शनिवार-रविवार. चार टोपल्या, चारही रिकाम्या. संध्याकाळी पुन्हा रिकाम्या. रविवारी सकाळी पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातल्या आजोबांनी हॅचरीवरच्या पोराला विचारलं, ‘‘अरे बाळा, एखादं तरी काढून दाखव ना, नातू रडतोय.’’ पोरगं हसलं, ‘‘आजोबा, ती त्यांच्या वेळेनं येतात. आम्ही नाही काढत.’’ आजोबा नाराज झाले. मला ते उत्तर फार आवडलं.

कारण पर्यटनाशी बांधलेल्या हॅचरीत सगळ्यात मोठी ओढ हीच असते. पहाटे तीनला निघालेली पिल्लं सातपर्यंत थांबवायची, म्हणजे पाहुण्यांना दिसतील. पण वाळूतून वर आलेल्या पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा शेवटचा साठा असतो, आणि त्याच बळावर त्याला किनाऱ्याजवळच्या धोक्याच्या पाण्यातून न थांबता पोहत खोल समुद्र गाठायचा असतो. टोपल्याखाली ती एकमेकांवर चढत, वल्ही मारत राहतात. तेवढं बळ तिथेच संपतं. टोपलं किती वेळाने उचललं जातं, यावरून त्या गावाचं काम किती नेटकं आहे ते कळतं. दर तासा-दोन तासांनी पाहायला माणूस लागतो, तोही रात्री, आणि तो पाहुण्यांच्या नजरेस पडत नाही.

गर्दीचे इतर त्रास सांगायला नकोत. दोरी लावलेली असते, ती ओलांडून फोटो काढणारे असतात. पिल्लांना हात लावू नका, उचलून पाण्यात सोडू नका, हे दर वेळी माइकवरून सांगावं लागतं. पिल्लू स्वतः वाळूवरून चालत जावं यामागे कारण आहे: कासवं जन्मकिनाऱ्याची ओळख पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून मनात ठसवतात असं शास्त्रज्ञांचं मत आहे. पाण्याकडे जाताना ती उजळ क्षितिजाकडे धावतात; म्हणून मागच्या बाजूला हॉटेलचा दिवा असेल तर उलटी वळतात.

मग २०२० आलं. मार्चमध्ये टाळेबंदी, ऐन हंगामात पाहुणे बंद. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. खाडीच्या दोन्ही बाजूंच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बाग पुन्हा धरायला सात-आठ वर्षं. पाहुण्यांचा पैसा नाही, बागेचा नाही. मांडणी फक्त पैशाची असती तर अंडी पुन्हा बाजारात दिसायला हवी होती. तसं झालं नाही. पहाटेची फेरी सुटली नाही, पुढच्या हंगामातही किनाऱ्यावर घरटी राखली गेली. शासनाकडून मिळणारं मानधन हे त्याचं एक कारण. दुसरं, तोवर अंडी नेणं ही गावात लाज वाटण्याची गोष्ट झाली होती. वर मी भक्तीपेक्षा पाहुण्यांना जास्त श्रेय दिलं, ते इथे थोडं मागे घ्यावं लागतं.

वाळूचं तापमान

कासवाचं पिल्लू नर की मादी हे अंड्यात आधी ठरलेलं नसतं. वाळू किती तापली यावर ते ठरतं. ऑलिव्ह रिडलेमध्ये २९ अंशांच्या आगेमागे समसमान. वाळू त्याहून गरम तर माद्या जास्त, थंड तर नर जास्त. फार तापली, ३५ अंशांच्या आसपास सतत राहिली, तर अंडी मरतातच.

आता हॅचरीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मोकळी जागा, सावली नाही, मार्च-एप्रिलचं कोकणातलं ऊन. किनाऱ्यावर एकेक घरटं वेगवेगळ्या जागी असतं: एक केवड्याच्या सावलीत, एक उघड्यावर, एक ओलीजवळ. तापमानात आपोआप वैविध्य येतं. हॅचरीत सगळी घरटी एकाच चौकोनात, एकाच उन्हात. आपण हजारो पिल्लं सोडतो म्हणताना त्यात नर किती, हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि नुसतं पाहून पिल्लाचं लिंग कळत नाही. उपाय साधेच आहेत: वर हिरवी शेडनेट, वाळूत तापमापक, आणि जिथे कुत्र्यांचा, भरतीचा धोका कमी तिथे घरटं मुळीच न हलवता जागेवरच जाळी लावून राखणं. शेवटचा उपाय उत्तम, पण त्याला माणूसबळ जास्त. हॅचरी सोयीची म्हणून रूढ झाली. ती गरजेपुरती ठेवावी, या मताचा मी आहे.

दुसरी भानगड सुरूच्या झाडांची. वाळू अडवायला, वारा थोपवायला म्हणून कोकणाच्या किनाऱ्यांवर सुरू लावले. बन वाढलं ते समुद्राकडेही सरकलं. कासवाला हवी असते ती भरतीरेषा आणि झाडी यांच्यामधली उघडी, भुसभुशीत पट्टी. मुळांनी जखडलेल्या वाळूत सुरई खोदता येत नाही. त्यात धूप थांबवायला दगडी बंधारा घातला की मादी बंधाऱ्याला धडकून परत फिरते. झाडं लावणारं खातं, बंधारा बांधणारं खातं आणि कासव राखणारं खातं एकाच सरकारचं, पण त्यांची किनाऱ्यावर गाठ क्वचितच पडते.

किनाऱ्यापलीकडे

२०२२ पर्यंत कोकणातून पाण्यात गेलेल्या मादीचं पुढे काय होतं, हे अक्षरशः अंधारात होतं. त्या वर्षी २५ जानेवारीला वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर चिकटवला गेला आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांचा हा प्रकल्प. पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेला असं यंत्र बसवण्याची ती पहिलीच वेळ. पाठोपाठ सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी. मादी श्वास घ्यायला वर आली की यंत्र संदेश पाठवतं. एकेक करून ते संदेश थांबले. पण तोवर या माद्या कोकणच्या समुद्रातच घुटमळत नाहीत, उत्तरेला-दक्षिणेला दूर जातात, हे कळलं होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ तर गोवा, कर्नाटक, केरळ करत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली.

आणि २७ जानेवारी २०२५ च्या रात्री गुहागरला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला दिसला: ०३२३३. तो बसवला होता भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने, १८ मार्च २०२१ रोजी, ओडिशात गहिरमाथ्याला. म्हणजे जी मादी एकदा पूर्व किनाऱ्यावर आली होती ती चार वर्षांनी पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालायला आली. दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी, असं धरून चाललेल्या हिशेबाला त्या बिल्ल्याने तडा दिला. तिने १२० अंडी घातली, १०७ पिल्लं निघाली. २००३ च्या सरासरीशी हे ताडून पाहा. एका घरट्यावरून निष्कर्ष काढू नये, पण हात बसलाय हे दिसतं.

याचा व्यवहारातला अर्थ काय? वेळासचा माणूस ज्या मादीची अंडी राखतो तिचा जीव केरळच्या ट्रॉलरवर, श्रीलंकेच्या जाळ्यावर, ओडिशाच्या मासेमारी-बंदीच्या अंमलबजावणीवर अवलंबून आहे. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. ट्रॉलच्या जाळ्यात तासभर अडकलं की बुडून मरतं. जाळ्यात कासवाला निसटायला वाट ठेवणारं टीईडी नावाचं साधन आहे, कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने ते आपल्या बोटींना साजेसं बनवलं. पण त्या वाटेने थोडी मासळीही निसटते, म्हणून खलाशी ते बसवत नाहीत. मग अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं, तेव्हा कुठे त्यावर गंभीर चर्चा सुरू झाली. पैशाची गाठ इथेही तीच.

महाराष्ट्राने या बाबतीत एक चांगली गोष्ट केली. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर फोटो-व्हिडिओ पाहून फाटलेल्या जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासव, देवमासा, डॉल्फिन सगळे त्यात आले. पूर्वी कासव अडकलं की मच्छीमार बोलायचाच नाही, कायद्याची भीती. आता तोच मोबाइल काढून शूटिंग करतो. अर्जाच्या कागदपत्रांचा आणि पैसे हाती पडायला लागणाऱ्या वेळाचा कंटाळा हा कोळीवाड्यातला नेहमीचा विषय, पण सुटका झालेला प्राणी आधी सुटतो, कागद नंतर येतो.

तरी पावसाळा आला की सोडून दिलेल्या जाळ्यांच्या गुंडाळ्यांत अडकलेली, वल्हं कुजलेली कासवं किनाऱ्याला लागतातच. डहाणूच्या उपचार केंद्रात अशी तीन वल्ह्यांची कासवं पोहताना दिसतात.

नोंदवहीतला रकाना

पिल्लू मोठं होऊन अंडी घालायला यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. २००३ मध्ये वेळासहून गेलेल्या पिल्लांपैकी ज्या माद्या वाचल्या असतील त्या २०१५ नंतर कधीतरी परतायला लागल्या असणार. पण नखाएवढ्या वल्ह्याला बिल्ला बसत नाही. त्यामुळे पहाटे सापडलेला माग वीस वर्षांपूर्वी राखलेल्या घरट्यातल्या मादीचा की दुसऱ्याच कुणाचा, हे सांगता येत नाही. काही हंगामांत घरटी वाढतात, काहींत घटतात. शिवाय किनारा चालणारी माणसं वाढली की सापडणारी घरटीही वाढतात, आणि ती वाढ कासवांची की माणसांची हे आकड्यावरून वेगळं काढणं अवघड.

हॅचरीवरची वही साधी रेघांची असते. घरटं क्रमांक, तारीख, वेळ, जागा, अंडी, हलवल्याची वेळ, निघालेली पिल्लं, न उबलेली अंडी. अलीकडे शेवटी आणखी एक रकाना हाताने आखलेला दिसतो: बिल्ला. पानामागून पानं त्यात एक आडवी रेघ आहे.